ऑफिसचं मशीन आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात कंपनीतल्या कॉम्प्युटरबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं होतं, तर एवढी पत्रं आलीत की दोन अंक पुरतील. गंमत म्हणजे निम्मी पत्रं आयटीवाल्यांची, की युजर ऐकत नाहीत, आणि निम्मी युजर लोकांची, की आयटीवाले जगू देत नाहीत. दोन्हीकडची थोडी थोडी घेतली आहेत. नावं कोणाचीच छापत नाहीये, कारण जवळपास प्रत्येक पत्रात साहेबांचा उद्धार आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, मी एका मोठ्या कंपनीत डेस्कटॉप सपोर्ट बघतो. साडेतीन हजाराच्या आसपास मशीन असतील, त्यातली बरीच अजून विंडोज १० वर आहेत. वरती विषय काढला की एकच उत्तर, चालतायत ना, अँटीव्हायरस आहे ना, मग खर्च कशाला. एक सिनियर म्हणतो की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) थोडा बदल केला की जुन्या मशीनवर पण विंडोज ११ बसतं, तेच करून टाकू. खरं सांगायचं तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये. (डेस्कटॉप सपोर्टवाला)

उत्तर : आधी साहेबांचं बघू, कारण ते पटल्याशिवाय पुढे काहीच हलणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी कुठलंही मशीन बंद पडलं नाही आणि घोळ तिथेच आहे, मशीन चालतंय हे सगळ्यांना दिसतं, पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, यायचे थांबलेत ते कोणालाच दिसत नाही. अँटीव्हायरस आहे हे उत्तर लोक २०१७ मध्ये पण देत होते. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने फाईल शेअरिंगमधलं एक भोक बुजवायचा पॅच दिला होता, आणि १२ मे ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तो त्याच भोकातून. मधे चांगले दोन महिने मिळाले होते. ज्यांना फटका बसला त्यातली बहुतेक मशीन विंडोज ७ ची, म्हणजे पॅच हातात होता, फक्त टाकला नव्हता. तुमच्याकडे तर आता पॅचच येणार नाही. वर विंडोज ११ साठी दर महिन्याला जे पॅच निघतात ते उघडून बघणारे लोक असतात, दोन्हीतला बराच कोड एकच असल्यामुळे १० मध्ये कुठे हात घालायचा ते त्यांना आयतंच कळतं. साहेबांना एवढं सांगा, बाकी टेक्निकल काही सांगत बसू नका.

आता सुरुवात. नवीन मशीनचं कोटेशन मागवू नका लगेच, आधी यादी करा. तुमच्याकडे यादी असणार हे मला माहितीये, पण ती कुठली? खरेदीवाल्यांची एक यादी असते, काय घेतलं त्याची. एचआरची एक असते, कोणाला दिलं त्याची. आणि तिसरी तुमच्या इंट्यूनमध्ये किंवा एससीसीएममध्ये, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसते, गेल्या तीस दिवसांत कोण नेटवर्कवर आलं त्याची. या तिन्ही सिरियल नंबरवर जुळवून बघा, जुळत नाहीत, कधीच जुळत नाहीत. कोणाचं तरी मशीन कपाटात पडलेलं असतं, कोणी नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याचं मशीन टीममध्ये फिरत असतं, एखादं मशीन असं असतं की ते कोणाच्याच नावावर नाही पण रोज रात्री दोन वाजता त्यावरून कसला तरी रिपोर्ट जातो आणि ते बंद केलं की सकाळी बोंब होते. ही तफावत सोडवायला जे काही आठवडे जातील ते जाऊ द्या, अपग्रेडचं खरं काम तेच आहे, विंडोज बसवणं त्यापुढे किरकोळ.

यादी झाली की प्रोसेसर बघा. विंडोज ११ ला काही अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचं रायझन २००० आणि त्यापुढचं लागतं, शिवाय टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय). इथे बरेच जण फसतात, रिपोर्टमध्ये टीपीएम नाही असं येतं आणि मशीन भंगाराच्या यादीत जातं, प्रत्यक्षात चिप आत असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने सेटिंग असतं ते चालू करा, मग रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून व्हर्जन बघा. काही मशीन जुन्या लेगसी बायोस मोडमध्ये लावलेली असतात, डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असते, त्यांच्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता डिस्कची पद्धत बदलून देतं, पण आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सस्पेंड करा आणि बॅकअप घ्या, मग म्हणू नका सांगितलं नव्हतं.

रजिस्ट्रीचा जुगाड घरच्या मशीनवर करायचा तर करा, साडेतीन हजार मशीनच्या कंपनीत अजिबात नको. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. २४एच२ व्हर्जनमध्ये पॉपसीएनटी नावाची एक प्रोसेसरची सूचना लागायला लागली आणि ज्या फारच जुन्या प्रोसेसरमध्ये ती नाही तिथे विंडोज सुरूच होईना, जुगाड कितीही केला तरी.

जी मशीन खरंच बदलता येत नाहीत, म्हणजे एखादं टेस्टिंगचं यंत्र जोडलेलं आहे आणि त्याचं सॉफ्टवेअर १० वरच चालतं वगैरे, त्यांच्यासाठी पैसे भरून ईएसयू, म्हणजे मुदतीनंतरचे सिक्युरिटी पॅच, घेता येतं. ते जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतं, दर वर्षी किंमत दुप्पट होते, आणि दुसऱ्या वर्षी घ्यायला गेलात तर पहिल्या वर्षाचे पैसे पण भरावे लागतात, म्हणजे उशीर करून वाचत काही नाही. अशी मशीन वेगळ्या नेटवर्कवर टाका आणि त्यावर मेल, ब्राउझिंग बंद.

अजून एक, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. सिक्युअर बूटची जी सर्टिफिकेटं २०११ मध्ये दिलेली आहेत त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते. नवीन २०२३ ची आहेत, बरीचशी विंडोज अपडेटमधून येतात पण काही मॉडेलना आधी बायोस अपडेट लागतो. सर्टिफिकेट नाही बदललं तर मशीन चालू होत राहील, पण बूटच्या भागाचे सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत. तुम्ही मशीनला हात लावतच आहात तर बायोस अपडेट त्याच फेरीत उरकून घ्या, पुन्हा पुन्हा लोकांच्या टेबलावर जायला नको.

प्रश्न : ताई, मी रोज संध्याकाळी लॅपटॉप शट डाऊन करून घरी जाते. तरी आयटीचा मुलगा म्हणतो, मॅडम तुम्ही महिनाभर रिस्टार्टच केलेला नाही म्हणून अपडेट जबरदस्तीने झाला. आणि झाला कधी तर क्लायंटसमोर प्रेझेंटेशन चालू असताना! मी काय खोटं बोलतेय का? (मार्केटिंगमधली एक)

उत्तर : तुम्ही खरं बोलताय आणि तो मुलगा पण खरं बोलतोय. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, शट डाऊन केलं की तुमचं लॉगिन बंद होतं पण आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा सेव्ह होतो आणि सकाळी तोच परत वर येतो, त्यामुळे मशीन पटकन चालू होतं पण विंडोजच्या हिशेबी ते नव्याने सुरू झालेलंच नसतं. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली अप टाईम लिहिलेला असतो. रोज मशीन बंद करणाऱ्या माणसाच्या तिथे पस्तीस चाळीस दिवस दिसतात आणि तो थक्क होतो. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं.

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासून हेच चालू आहे. कंपनी ते काही दिवस तपासते, मग तुमच्याकडे सोडते, मग एक डेडलाईन असते. कोपऱ्यात जो मेसेज येतो आणि आपण रिमाइंड मी लेटर दाबत राहतो ना, ती डेडलाईन संपत आलेली असते. तुम्ही त्या आठवड्यात जेवायला जाताना एकदा रिस्टार्ट करून गेलात तर तुमचं प्रेझेंटेशन कोणी मोडणार नाही.

पण आयटीवाल्यांनो, यात तुमची पण चूक आहे. फास्ट स्टार्टअप पॉलिसीने बंद करता येतं, एसएसडीच्या, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कच्या, मशीनवर त्याने फार फरकही पडत नाही, ते बंद करा म्हणजे बिचाऱ्या लोकांचा शट डाऊन तरी खरा होईल. आणि डेडलाईननंतर दोन दिवसांचा ग्रेस पिरियड ठेवा, सुट्टीवरून आलेल्या माणसाचं मशीन चालू केल्या केल्या रिस्टार्ट झालं तर तो शिव्याच देणार.

प्रश्न : आमच्याकडे नवीन हेड आलेत. त्यांचं म्हणणं, शुक्रवारी रात्री सगळ्या मशीनवर एकदम अपग्रेड सोडा, सोमवारी लोक आले की नवीन विंडोज, विषय संपला. मी टप्प्याटप्प्याने करू म्हटलं तर म्हणाले तुम्ही फार घाबरता. पायलट ग्रुपवरून (अपग्रेड सगळ्यांच्या आधी करून बघणारे थोडे लोक) पण वाद आहे, सध्या त्यात सगळे आमचेच आयटीचे लोक आहेत. (एंडपॉइंट टीममधला)

उत्तर : सोमवारी सकाळी सव्वानऊला हेल्पडेस्कचे फोन कोण घेणार ते त्यांना विचारा, आवाज लगेच खाली येईल.

शुक्रवारी रात्रीचा प्लॅन कागदावर छान दिसतो पण शुक्रवारी रात्री लॅपटॉप असतात कुठे? बॅगेत, झाकण लावून. अपग्रेड पोचणार ते फक्त जे डेस्कटॉप चालू राहिलेत त्यांच्यावर, बाकी सगळं सोमवारी सकाळी एकाच तासात डाऊनलोड व्हायला लागणार आणि ब्रँचची लाईन तिथेच झोपणार. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू केलं तर एका मशीनने घेतलेली फाईल शेजारची मशीन त्याच्याकडूनच घेतात, त्याने बराच भार कमी होतो, तरी एकदम सगळ्यांना सोडायचं नाहीच.

पायलटमध्ये नुसते आयटीचे लोक म्हणजे पायलट झालाच नाही असं समजा. त्यांच्याकडे सगळ्यात नवीन मशीन असतात, ॲडमिन राईट असतात, काही अडलं तर स्वतःच दोन मिनिटांत सोडवतात आणि कुठे नोंद पण करत नाहीत. तुम्हाला हवा तो अकाउंट्समधला माणूस ज्याच्या एक्सेलमध्ये कोणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेले मॅक्रो आहेत आणि लिहिणारा केव्हाच सोडून गेलाय. तुम्हाला हवी डिस्पॅचमधली ती व्यक्ती जिच्याकडे लेबल प्रिंटर आहे आणि त्याचा ड्रायव्हर कंपनीने शेवटचा कधी अपडेट केला देव जाणे. यूएसबी डोंगलवर लायसन्स चालणारा डिझाईनवाला, दिवसभर व्हीपीएनवर असणारा सेल्सवाला, डॉकला दोन मॉनिटर लावून बसणारी मॅनेजर, आणि कंपनीतल्या प्रत्येक मॉडेलचं निदान एक तरी मशीन. आणि हो, सतत कुरकुर करणारा जो कोणी असेल त्याला आवर्जून घ्या. सोशिक माणूस पायलटमध्ये काही कामाचा नाही, प्रिंट निघत नसेल तर तो शेजारच्याकडून काढून आणेल आणि तुम्हाला कळणार पण नाही.

पायलटला एक महिनाअखेर बघू द्या. बाकीचे वीस दिवस सगळं सुरळीत असतं, जे काही फुटतं ते क्लोजिंगच्या तीन दिवसांत फुटतं. मग एखादा छोटा विभाग, मग मोठे, आणि ज्यांचं काम एक तास पण थांबून चालत नाही ते शेवटी. अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परत जायला नेहमीच्या सेटिंगला फक्त दहा दिवस मिळतात, ते साठ दिवसांपर्यंत वाढवता येतात, तेवढं आधीच करून ठेवा, डिस्कवर जागा असेल तर.

आणि घाबरट म्हणाले ना, तर त्यांना १९ जुलै २०२४ ची आठवण करून द्या. क्राऊडस्ट्राईक या सिक्युरिटी कंपनीची एक सदोष फाईल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन येऊन पडली, विमानतळ, हॉस्पिटल, बँका सगळीकडे. फाईल त्यांनी दीड तासाच्या आत मागे घेतली होती तरी जे पडलं ते पडलं, कारण पडलेलं मशीन नेटवर्कवर येऊन दुरुस्त फाईल घेणार कसं, बहुतेक ठिकाणी माणसाने जाऊन सेफ मोडमध्ये ती फाईल हाताने डिलीट करावी लागली. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कितीतरी कंपन्यांनी शहाणपणाने क्राऊडस्ट्राईकचं सेन्सर, म्हणजे मशीनवर बसणारं त्यांचं सॉफ्टवेअर, एक व्हर्जन मागे ठेवलं होतं, टप्पे पाडले होते, तरी त्या पडल्या, कारण ही फाईल सेन्सरच्या अपडेटमधून आलीच नाही, ती वेगळ्या रस्त्याने थेट सगळ्यांकडे गेली. पुढे क्राऊडस्ट्राईकने ग्राहकांना त्यावर पण कंट्रोल दिला. तुम्ही तुमच्या प्रत्येक व्हेंडरला हे विचारून घ्या, की माझे टप्पे चुकवून माझ्या मशीनवर काय काय येतं.

दुसरं म्हणजे बिटलॉकरच्या रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडायच्या किल्ल्या. सेफ मोडमध्ये जायला ती अठ्ठेचाळीस आकडी की लागत होती, लोक फोनवर सहा सहा आकडे वाचून दाखवत होते आणि समोरचा एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. काही ठिकाणी त्या की ज्या सर्व्हरवर होत्या तोच सर्व्हर निळा पडलेला. तुमच्या सगळ्या मशीनच्या की खरंच वर साठवल्या जातायत का, आणि तुमचं स्वतःचं मशीन बंद असताना तुम्हाला त्या बघता येतात का, हे आज दुपारीच दहा मशीन घेऊन तपासा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अनुभवी आहे, तरी माझ्याच लॅपटॉपवर एक छोटं टूल टाकायला मला तिकीट काढून चार दिवस थांबावं लागतं. ॲडमिन राईट द्यायला यांचं काय जातं? (वैतागलेला डेव्हलपर)

उत्तर : वैताग रास्त आहे, मागणी अर्धीच रास्त आहे. तुम्ही ॲडमिन म्हणून बसलेले असताना जे काही चालतं ते ॲडमिन म्हणूनच चालतं, त्यात चुकून उघडलेली अटॅचमेंट पण आली. पूर्वी बऱ्याच कंपन्यांमध्ये सगळ्या मशीनवर लोकल ॲडमिनचा पासवर्ड एकच असायचा, म्हणजे सगळ्या कुलपांना एकच किल्ली, एक मशीन हातात आलं की चोर सगळ्या इमारतीत फिरायला मोकळा. त्यावर मायक्रोसॉफ्टचं लॅप्स आहे, प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा ठेवतं आणि आपोआप बदलत राहतं, एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच आलंय, वेगळं काही बसवावं लागत नाही. तुमच्या कंपनीत ते नसेल तर तुमच्या राईटपेक्षा तो विषय आधी मोठा आहे.

पण चार दिवस? हे चूक आहे. जी टूल दहा जण मागतात ती तपासून कंपनी पोर्टलवर ठेवून द्यायची, ज्याला हवं त्याने एका क्लिकवर घ्यायचं, ॲडमिन राईट नकोत आणि तिकीट पण नको. राहिलेल्या कामासाठी तासाभरापुरते राईट मिळतील अशी सोय करता येते, नोंद राहते, वेळ संपली की आपोआप जातात. तुम्ही भांडायचं असेल तर या दोन गोष्टींसाठी भांडा, जिंकाल. आयटीने अडवून ठेवलं की लोक काय करतात ते आयटीला पण माहितीये, पोर्टेबल व्हर्जन पेन ड्राईव्हवरून चालवतात, आणि ते तर कुठल्याच यादीत येत नाही.

प्रश्न : ताई मला पुढच्या आठवड्यात नवीन लॅपटॉप मिळणार आहे, आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटतेय. मागच्या वेळी माझं बरंच काही गेलं होतं. यावेळी मी स्वतः काय बघू? (पर्चेसमधली)

उत्तर : आयटीवाले सांगतील की सगळं वनड्राईव्हवर आहे, काळजी करू नका. वनड्राईव्हवर तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स असतं, ते पण ते सेटिंग चालू असेल तर. तुमच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरला हिरवी किंवा ढगाची खूण दिसतेय का ते आधी बघा. सी ड्राईव्हवर थेट काढलेलं फोल्डर, डाऊनलोड्समध्ये साचलेलं सगळं, आणि डी ड्राईव्ह, हे त्यात नाही. डाऊनलोड्स तर आवर्जून उघडा, लोक तिथे वर्षानुवर्षं कामाच्या फाईली ठेवतात आणि विसरतात.

मग ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत त्या. जुनं आऊटलूक वापरत असाल तर जुन्या मेलच्या पीएसटी फाईली कुठे आहेत ते बघा, फाईल मेनूत अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाईल्स म्हणून यादी असते, तिथे पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तुमची मेलची सही आणि एक्सेलच्या पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये तुम्ही रेकॉर्ड केलेले मॅक्रो, हे ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, वनड्राईव्ह त्यांना हात लावत नाही. मागच्या वेळी तुमचं जे गेलं ते बहुधा इथलंच असणार. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड कंपनीच्या अकाउंटने सिंक आहेत का ते बघून घ्या. कुठला नेटवर्क ड्राईव्ह कुठल्या अक्षराला जोडलाय आणि प्रिंटरचं नाव काय याचा सरळ मोबाईलने फोटो काढा, गावठी उपाय आहे पण उपयोगी पडतो. (कंपनीत मोबाईल चालत नसेल तर कागदावर लिहा.)

पिन मात्र नवीन मशीनवर नव्यानेच सेट करावा लागेल, जुना चालला नाही म्हणून घाबरू नका. तो पिन त्या मशीनच्या टीपीएम चिपशी बांधलेला असतो, मशीन बदललं की तो गेला, तसंच व्हायला हवं.

आणि जुना लॅपटॉप त्याच दिवशी परत देऊ नका. आयटीला सांगा दोन आठवडे तसाच ठेवा, पुसू नका. तिमाहीतून एकदा लागणारी फाईल पहिल्या दिवशी आठवत नाही.

प्रश्न : आमच्या टीमची मशीन चार साडेचार वर्षांची झालीत, फार स्लो चालतात. मॅनेजर म्हणतो नवीन बजेट नाही, रॅम वाढवून घ्या. खरंच फरक पडेल का? (ऑपरेशन्सवाला)

उत्तर : बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण बघायला पाच मिनिटं लागतात. नेहमीचं सगळं काम उघडा, म्हणजे ब्राउझरचे वीस टॅब, मीटिंगचं ॲप, एक्सेल, आणि मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम वाढवून फरक पडेल, आठचे सोळा जीबी केले तर चांगलाच पडेल. पन्नास साठ टक्केच असेल तर रॅमचा काही दोष नाही, पैसे वाया जातील. डिस्कचा आकडा सारखा शंभर टक्क्यांवर असेल आणि आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, त्याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. मात्र पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, वाढवता येतच नाही, मॉडेल नंबर टाकून आधी बघा.

बॅटरी पण बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून स्लॅश बॅटरीरिपोर्ट टाकलं की एक फाईल तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर तो लॅपटॉप आता डेस्कटॉप झालाय. टचपॅड वर आलंय किंवा झाकण नीट बसत नाहीये असं वाटलं तर बॅटरी फुगलेली असू शकते, मग वापर तिथेच थांबवा, चार्जर काढा आणि आयटीकडे द्या, दाबून बसवायला जाऊ नका.

आणि एक शंका माझ्याकडून. टास्क मॅनेजरमध्ये वरती कोण आहे ते पण बघा. मोठ्या कंपन्यांमध्ये अँटीव्हायरस, त्यावर अजून एक सिक्युरिटी एजंट, डेटा बाहेर जाऊ नये म्हणून एक, इन्व्हेंटरीसाठी एक, असे पाच सहा जण आपापल्या वेळी स्कॅन करत असतात आणि मशीन बिचारं त्यांच्यातच दमतं. त्यातलं एखादं तर असं असतं की त्याचं लायसन्स संपलं, सर्व्हर बंद केला, फक्त मशीनवरून काढायचं राहिलं. त्याचा स्क्रीनशॉट काढून आयटीला पाठवा, मॅनेजरला पण टाका सीसीमध्ये.

प्रश्न : अपग्रेडनंतर पाचशेवर जुने लॅपटॉप साठलेत. काही भंगारात, काही एका संस्थेला द्यायचे आहेत. फॉरमॅट मारून दिले तर चालेल ना? (ॲडमिन विभाग)

उत्तर : साधा क्विक फॉरमॅट मारला तर आतला डेटा तसाच असतो, फक्त त्याची अनुक्रमणिका जाते, फुकटच्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. जुन्या फिरत्या डिस्कवर वरून पूर्ण लिहून काढलं की काम होतं. एसएसडीला तो उपाय भरवशाचा नाही, कारण एसएसडी स्वतःच ठरवते कुठल्या जागी लिहायचं, आणि काही जागा ती राखून ठेवते जिथे आपलं सॉफ्टवेअर पोचतच नाही. मॅग्नेट फिरवून तर काहीच होत नाही, त्यात चुंबकीय असं काही नसतंच. तिथे उत्पादकाची सिक्युअर इरेज कमांड वापरायची, बऱ्याच मशीनच्या बायोसमध्येच ती सोय असते. डिस्क पहिल्यापासून पूर्ण बिटलॉकरने बंद असेल तर की नष्ट केल्यावर मागे नुसता गाळ उरतो, ते पण चालतं, अर्थात की अजून कुठे साठवलेली नाही याची खात्री करून. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं ८००-८८ नावाचं मार्गदर्शन आहे, जगभर कंपन्या तेच धरून चालतात, त्याच्या २०२५ पर्यंतच्या आवृत्तीत कुठल्या डिस्कला कुठला उपाय ते होतं. चालूच न होणाऱ्या मशीनची डिस्क काढून तिचा चुरा करा, पुसत बसू नका.

संस्थेला देण्याआधी एक गोष्ट करा जी नेहमी राहते. ते लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये (नवीन मशीन कंपनीसाठी आपोआप लावून देणारी मायक्रोसॉफ्टची सोय) आणि तुमच्या इंट्यूनमध्ये नोंदलेले असतील तर तिथून सिरियल नंबर काढून टाका. नाहीतर ती पोरं मशीन चालू करतील, नवीन विंडोज बसवतील, आणि इंटरनेट जोडल्याबरोबर समोर तुमच्या कंपनीचं नाव आणि लॉगिन मागणारी पाटी येईल. परत फॉरमॅट केलं तरी तीच, कारण ती नोंद मशीनवर नसून वरती क्लाऊडवर असते. मॅक असतील तर ॲपल बिझनेस मॅनेजरमधून पण सोडवा आणि ॲक्टिव्हेशन लॉक काढा.

भंगारवाल्याकडून एकूण वजनाची पावती घेऊ नका, प्रत्येक सिरियल नंबर लिहिलेलं डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट मागा, आणि ट्रक गेटबाहेर जायच्या आधी त्यातले पंधरा वीस नंबर तुमच्या यादीशी स्वतः ताडून बघा.